गॅरेजवाल्याचं पोट आणि माझा टेस्ट लॅम्प

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात उभी होते, मला थोडी हीट श्रिंक नळी आणि मूठभर थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे, पाहिजे होते, बस्स. शेजारी एक मुलगा, कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा असेल, काउंटरवर निळ्या प्लॅस्टिकच्या पेटीतला मोठा टूलसेट उघडून बघत होता. एक-एक गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, काढायची, बोटात फिरवायची, परत खाचेत दाबायची, आणि ती टक् करून बसली की त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटायचं की मी माझे थिंबल मोजायचे विसरले. बरोबर त्याचे वडील. त्यांनी किंमत विचारली, पेटीचं झाकण लावलं आणि अगदी सहज, आवाज न चढवता म्हणाले, ‘सगळें तूंच करतलो जाल्यार त्या गॅरेजवाल्याक पोट ना?’ सगळं तूच करणार असशील तर त्या गॅरेजवाल्याला पोट नाही का, असं. मुलगा काही बोलला नाही. दोघं बाहेर पडले, दुकानदाराने पेटी उचलून परत वरच्या फळीवर ठेवली.

‘पैसे वाया घालवू नकोस’ असं म्हणाले असते तर मी घरी येईपर्यंत विसरले असते. बापलोक म्हणतातच तसं. पण हे वाक्य जेवताना आठवलं, रात्री पण आठवलं, कारण ते खोटं नव्हतं, आणि मी स्वतः गॅरेजवाल्याच्या घरात वाढलेय.

आमच्या मामाचं गॅरेज डिचोलीहून साखळीकडे जाताना रस्त्याला लागून. पत्र्याची शेड, मागे काजूची दोन झाडं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं आजोळी, आणि इतर पोरं ओहोळावर गेली तरी मी शेडमध्ये. लोहखनिजाच्या खाणींचे दिवस होते ते, रस्त्याने सकाळपासून खनिज वाहणाऱ्या टिप्परची रांग, झाडांची पानंसुद्धा लाल. टिप्परचं चाक उतरवलं की आतून वाळलेल्या लाल चिखलाचे पापुद्रे पडायचे, मामा ते हाताने झाडायचा आणि मग किती तरी वेळ नुसता बघत बसायचा. हात लावायचा नाही. ड्रायव्हर घाईत, त्याच्या खेपा बुडतायत, तो मागून बोलतोय, आणि मामा बघतोय. ‘पयलीं पळय, मागीर हात लाय,’ आधी बघ, मग हात लाव, हे त्याने मला कधी शिकवायला म्हणून सांगितलं नाही, हेल्परला ओरडताना म्हणायचा, ते माझ्या कानात राहिलं. आणि खंडेनवमी! आदल्या दिवशी सगळे पाने रॉकेलच्या तसराळ्यात भिजत घालायचे, जुन्या ब्रशने घासून पुसायचे आणि पाटावर पांढरं फडकं अंथरून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने मांडायचे. मधला एखादा हरवलेला असला तर मामा त्याची जागा मोकळी सोडायचा, पुढचा पाना सरकवायचा नाही. मग हळदकुंकू, झेंडू. तेरा आणि चौदा नंबरच्या पान्यांमधला फरक मी आकडा न वाचता नुसत्या बोटाने ओळखते तो तिथे शिकलेला.

मग 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. त्याबद्दल इतकं लिहून-बोलून झालंय की मी काय नवीन सांगणार, पर्यावरणाची बाजू मला पटते आणि मामाची रिकामी शेड पण मी बघितलीय, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. मध्ये थोडं सुरू झालं, 2018 च्या मार्चमध्ये परत ठप्प. घराघरांपुढे टिप्पर उभे, टायरांभोवती गवत, केबिनवर वेल चढलेले. मामाने हेल्परला दुसरीकडे लावून दिलं आणि स्वतः स्कूटर, रिक्षा, छोट्या गाड्या घ्यायला लागला. टिप्परचे पाटे बदलणारे हात ॲक्टिव्हाची केबल लावताना बघणं मला जड गेलं होतं, त्याला गेलं की नाही ते त्याने दाखवलं नाही. तेव्हा गॅरेजवाल्याचं पोट ही माझ्यासाठी बोलण्यातली गोष्ट नाही.

तरी मला वाटतं त्या मुलाला पेटी मिळायला हवी होती. ती पेटी नाही, पण काहीतरी.

माझी गाडी म्हणजे जुनी वॅगन आर, सेकंडहँड घेतलेली. गोव्यात गाडी घेतली की तिच्यात बदल करायला पाऊस आणि खारा वारा तुमच्या आधी हजर असतात. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, त्यात कोणी मिरामार-कळंगुटच्या बाजूला राहणारा असेल किंवा रोज फेरीबोटीवर गाडी चढवणारा असेल तर विचारूच नका, भरतीला रॅम्पवरचं खारं पाणी थेट गाडीच्या पोटाखाली. म्हणून कोणी मला विचारलं की पहिलं मॉडिफिकेशन काय करू तर मी लाइट, स्पीकर, स्पॉयलर काहीच सांगत नाही. आधी दरवाजे बघ. पावसात दार बंद करताना आतून बुडुक्-बुडुक् आवाज आला तर समजायचं की दाराच्या पोटात पाणी साठलंय. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या आत जातंच, ते तसं जाईल हे धरूनच दार बनवलेलं असतं, खालच्या काठाला बारीक भोकं ठेवलेली असतात त्यातून ते निघून जावं म्हणून. पण त्या भोकांत माती, सुकलेली पानं, आमच्या अंगणातल्या बकुळीची फुलं, सगळं जाऊन बसतं आणि मग पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. मी माडाच्या झावळीची हीर घेते, लवचिक असते, पत्रा ओरखडत नाही. खाली उकिडवं बसून ती भोकात हळूच फिरवली की आधी काहीच होत नाही, मग एक काळी गुठळी येते, आणि मागून चहासारखं पाणी धो धो पायावर. त्याला येणारा तो कुजक्या पानांचा वास मला घाण वाटायला हवा खरं तर, पण मला तो आवडतो, पाणी सुटलं याचा वास आहे तो.

दार आतून उघडायचं असेल तर अजून मजा. हँडलच्या मागे लपवलेले स्क्रू, काच फिरवायच्या दांड्यामागची ती तारेची क्लिप, आणि मग पॅनलच्या कडेने प्लॅस्टिकचे खिळे टप् टप् सुटत जातात. ते चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटू नयेत, रंग जातो आणि खिळा मोडतो, त्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी मिळते, अगदी स्वस्त असते. पॅनलच्या मागे एक पातळ प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट लांबीने चिकटवलेला दिसेल, तो पॅकिंगचा कचरा समजून फाडून टाकणारे लोक मी बघितलेत. तो कागद म्हणजे पाणी आणि तुमची सीट यांच्यामधली भिंत. स्पीकर बदलून झाला की तो होता तसा परत चिकटवायचा, नाहीतर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट ओलं आणि कारण कोणाला सापडत नाही.

आता हत्यारं. त्या निळ्या पेटीत शंभराच्या वर तुकडे होते, त्यातले निम्मे त्या मुलाने आयुष्यभर वापरले नसते. आपल्याकडच्या बहुतेक मारुतींना 8, 10, 12, 14, 17 आणि 19 नंबरच्या पान्यांत भागतं. असे पाने घ्यावेत की एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड. नाशिकला बनणारे टपारियाचे मी वापरते, सुटे मिळतात, लागेल तसे घेता येतात आणि त्यांना गंज लवकर धरत नाही. गोट्या घेताना आत बघा, सहा कोनांची गोटी घ्या, बारा कोनांची नको. गंजलेल्या बोल्टवर बारा कोनांची गोटी घसरते आणि डोकं गोल करून टाकते, आणि गोव्यात गंज न लागलेला बोल्ट शोधूनच काढावा लागतो. असा बोल्ट दिसला की आदल्या संध्याकाळी त्यावर तेलाचा फवारा मारून ठेवायचा आणि झोपायचं. जोर लावून काही होत नाही, वेळ दिला की तो सुटतो. पाना स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही, सुटला तर हात पत्र्यावर आपटत नाही. एक स्टार आणि एक चपटा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर. बॅटरीला हात लावायचा तर आधी मायनस काढायचा आणि लावताना मायनस शेवटी, कारण मायनस म्हणजे पूर्ण बॉडी, प्लस सोडवताना पाना पत्र्याला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर तिथे वेल्डिंग होईल. एवढं घेऊन माणूस वर्षभर शिकू शकतो, आणि सगळं मिळून एका जुन्या शाळेच्या दप्तरात मावतं.

एका गोष्टीवर मात्र मला कडक बोलायचंय. आपल्याकडे गाडी उचलली की खाली चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, ठेवतात. घराच्या मागे पडलेले असतातच, हाताला येतात, मजबूत दिसतात. चिरा भिंतीत मजबूत, वर सगळीकडून सारखा भार असताना. गाडीचा सगळा भार दोन बोटांच्या जागेवर आला की तो न सांगता फुटतो, पाऊस प्यायलेला असला तर अजून लवकर. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता. खाली शिरायचं तर जॅक स्टँडची जोडी, सपाट सिमेंटची जमीन, हँडब्रेक, खाली टेकलेल्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. सगळ्या पान्यांच्या आधी पैसे तिथे घालावेत. स्टँड नसेल तर खाली जाऊच नका, वरची कामं कमी आहेत का.

वरच्या कामांत माझं लाडकं म्हणजे फॉगलॅम्प. माझी बहीण बेळगावला असते, म्हणून चोर्ला घाट माझ्या नशिबी वारंवार, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढे काही नाही. हाय बीम मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, प्रकाश धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो. फॉगलॅम्प खाली लावतात ते यासाठीच, त्याचा झोत खालून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दाखवत जातो. दोन दिवे 55 वॅटचे, मिळून 110, बारा व्होल्टला म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून ओढला तर स्विच तापतो, वितळतो, आणि हेडलाइटच्या वायरीला जोड मारून टेप गुंडाळून देणारे लोक नेमकं हेच करतात. टेपचा डिंक आपल्या उन्हाळ्यात पातळ होतो, टेप सरकतो, पुढे काय ते सांगायला नको.

त्यासाठी रिले. चार पायांचा काळा ठोकळा, पायांपाशी बारीक अक्षरात 30, 85, 86, 87 लिहिलेलं. मला पहिल्यांदा ते आकडे कळले त्या दिवशीचा आनंद मी अजून विसरले नाहीये. 85 आणि 86 मध्ये आतली कॉइल, स्विचने तिला अगदी थोडासा करंट द्यायचा, ती लोहचुंबक होते आणि आतली पट्टी खेचते, मग बॅटरीकडून 30 वर येऊन थांबलेला मोठा करंट 87 मधून दिव्याकडे जातो. कानाजवळ धरून स्विच दाबला तर ‘टिक’ ऐकू येतं. मोठं काम लांब बॉनेटखाली, आपल्या बोटाखाली फक्त निरोप. आणि बॅटरीतून वायर निघाल्यावर वीतभर अंतराच्या आत फ्यूज, 15 अँपिअरचा, निळा. दिव्याजवळ फ्यूज लावून उपयोग नाही, फ्यूज वायरीला वाचवायला असतो आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर कोणीच वाचवत नाही, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराचा ग्रोमेट घालायचा, नाहीतर पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायर कापत राहते. जोड थिंबलने दाबून वर हीट श्रिंक, लायटरची आंच लांबून दाखवली की ती नळी आवळत जाते, वायरीच्या अंगाला चिकटते. ते बघताना माझा श्वास थांबतो, खरंच सांगते.

यात सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं हत्यार टेस्ट लॅम्प. स्क्रूड्रायव्हरसारखी मूठ, पोटात बल्ब, शेपटीला वायर आणि चिमटा. चिमटा बॉडीला, टोक वायरीच्या जोडावर, बल्ब लागला म्हणजे तिथवर वीज आलीय. मामा जे डोळ्यांनी करायचा ते वायरीच्या बाबतीत हा करतो. मल्टिमीटर पण हवाच, गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसले पाहिजेत, त्याखाली असेल तर दिवे वाढवायच्या आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या की तिथून मात्र हात मागे, त्या एअरबॅगच्या असतात, तिथे टेस्ट लॅम्प टोचायचा नाही म्हणजे नाही.

मॉडिफिकेशन म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं बरंच मला आवडत नाही, आणि कायद्यालाही नाही. नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेलं जे आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. काळ्या फिल्म 2012 पासून गेल्या, बुलबार 2017 च्या डिसेंबरपासून. बुलबारचं तर कारण समजून घेण्यासारखं आहे, धडक बसली की पुढचा पत्रा चेपून धक्का खाणार असतो, बुलबार तो धक्का थेट चासीत नेतो, आणि चालणाऱ्या माणसाला लागला तर त्याचं काय होतं ते बोलायलाच नको. हॅलोजनच्या जागी पांढरेफक्क एलईडी बसवणाऱ्यांवर माझा राग आहे. हेडलाइटची वाटी फिलामेंट नेमकी कुठे असेल ते धरून बनवलेली असते, तिथे दुसऱ्या आकाराचा दिवा आला की झोत विस्कटतो आणि समोरून स्कूटरवर येणारा माणूस आंधळा होतो. आपल्याला जास्त दिसावं म्हणून दुसऱ्याला कमी दिसायला लावायचं, हे मला जमत नाही. फॉगलॅम्प पण धुकं संपलं की मी बंद करते.

हे सगळं मी स्वतः करते, मग मामाच्या पोटाचं काय? मी बराच विचार केला यावर. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग, एसीचा गॅस, हे मी करत नाही, करणार पण नाही. ती कामं घेऊन मी गॅरेजला जाते. आणि जाताना आता नुसतं ‘पुढून आवाज येतो’ म्हणत नाही, डावीकडे वळताना येतो, वेग वाढला की वाढतो, एवढं सांगते. मामासारख्या माणसाचा अर्धा तास वाचतो. बिल देताना घासाघीस करायची माझी हिंमत होत नाही, कारण गंजलेला एक बोल्ट सोडवायला किती घाम जातो ते माझ्या मनगटाला माहीत झालंय. ज्याने कधी पाना धरला नाही तोच विचारतो, ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ आणि खरं सांगायचं तर मामाचं गिऱ्हाईक तुटलं ते घरी फॉगलॅम्प लावणाऱ्या पोरांमुळे नाही. नवीन गाड्या वॉरंटीच्या भीतीने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जातात, आणि गाडीत काय बिघडलं ते वाचायला स्कॅनर लागतो. त्या वडिलांना मी हे तिथेच सांगायला हवं होतं की नाही, माहीत नाही. परक्याच्या बापलेकात बोलणं बरं दिसत नाही. त्यांच्या बोलण्यात कोणाच्या तरी पोटाची काळजी होती हेही मला सोडवत नाही, अशी काळजी करणारी माणसं कमी झालीत.

रविवारी मामाकडे गेले तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता, हातात कोणाच्या तरी ॲक्टिव्हाचा कार्ब्युरेटर. म्हणाला, आमच्या वेळी हेल्पर म्हणून पोरगा यायचा तो असाच हौसेने यायचा, आता कोण येत नाही, सगळ्यांना पेटी पाहिजे, शेड नको. मग थोड्या वेळाने म्हणाला, त्या पोराला सांग, शनिवारी येऊन बसूं दे हांगा, पाने म्हजे वापर, म्हणजे इथे येऊन बसू दे, पाने माझेच वापर. मी म्हटलं, मामा, मी त्याला ओळखत पण नाही. ‘मागीर दुकानदाराक विचार,’ म्हणाला आणि कार्ब्युरेटरचं जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायला लागला.

दुकानदार त्यांना ओळखतो. कुर्टीला राहतात. मी माझा नंबर देऊन आलेय. मागच्या दारातले स्पीकर मला गणेश चवथीच्या आधी बसवायचे आहेत, तोवर त्याचा फोन आला तर डावं दार त्याच्याकडून उघडून घेईन.